सूप, खडे आणि सुख

(इंदूरच्या रामबागेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. या, पुढे या, पंख्याखालच्या खुर्च्या अजून रिकाम्या आहेत.

विषय माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. महिन्याभरापूर्वी कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "ताई, यंदा 'सुख ही ज्याची त्याची निवड असते का' यावर बोला." मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, असते का?" तर म्हणाले, "असते असंच म्हणा ना. लोक जरा बरं वाटून घरी जातील." म्हणजे उत्तर तयार होतं, बोलणारीचं नाव तेवढं घालायचं बाकी होतं. मी ३४ वर्षं कॉलेजात सांख्यिकी शिकवली. उत्तर आधी आणि आकडे मागाहून, असे प्रबंध पुष्कळ हाताखालून गेलेत. त्यामुळे "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण हा विषय मला नवा नव्हता. तो मला आधी एकदा भेटला होता, परदेशीपुऱ्यात, माझ्या माहेरच्या गल्लीत. १९९३चा उन्हाळा असावा.

आमच्या समोर एक काका-काकू राहायचे. काका कापडाच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. कुठल्या मिलमध्ये, ते राहू द्या. त्या काळात इंदुरातल्या मिली एकामागोमाग बंद पडत होत्या आणि सगळ्या गल्ल्यांची गोष्ट एकच होती. पहाटेचा भोंगा वाजेनासा झाला त्या दिवशी आमच्या आईचं दूध उतू गेलं, कारण ती भोंग्यावर गॅस बंद करायची. काका मात्र पुढे कितीतरी महिने तसेच उठायचे. अंघोळ करून, डबा घेऊन, सायकलवर गेटपर्यंत जायचे. गेटाला कुलूप. बाहेर दहा-वीस जण बसलेले असायचेच, त्यांच्यात बसायचे, डबा खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. काकू रोज डबा भरून द्यायच्या. कशाला जाता, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा पस्तिशीची, कायम नोकरीतली, एक तारखेला पगार. माहेरी आले होते म्हणून दुपारी काकूंकडे डोकावले. त्या सूप घेऊन रेशनचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, रात्री झोप लागत नाही गं. आणि मी म्हणाले, आता सांगतानाही कान गरम होतात, मी म्हणाले, "काकू, सुख शेवटी मानण्यावर असतं."

काकू काही बोलल्या नाहीत. सूप माझ्यापुढे सरकवलं. "घे. निवड."

अर्धा तास मी ते तांदूळ निवडले. तेव्हाचे रेशनचे तांदूळ आठवतात का कोणाला? पांढरे खडे तर असे की तांदळाच्या शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत. मूठभर कचरा निघाला. काकूंनी तो बघितला, पुन्हा एकदा सूप पाखडलं आणि त्यातून आणखी चार खडे काढून दाखवले.

मी घरी आले. पुढे कितीतरी वर्षं हा प्रसंग मी कोणाला सांगितला नाही.

आता शब्दाकडे बघू. आपण हल्ली "निवड" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आपला खाऊबाजार, छप्पन दुकान, येतं. पाटीवर शंभर पदार्थ, बोट दाखवायचं, पैसे द्यायचे. पण मराठीत हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंपाकघरात आहे. मेथी निवडायची, तांदूळ निवडायचे, डाळ निवडायची. या निवडण्यात पसंतीचं काही उचलायचं नसतं. जे घरात आलंय तेच घ्यायचं आणि त्यातलं जे खाण्याजोगं नाही ते बाजूला करायचं. बाजारातून काय आलं, कोणी आणलं, दुकानदाराने किती खडे मिसळले, यातलं काहीही निवडणारीच्या हातात नसतं. पण बोटं तिची असतात. जेवताना खडा कोणाच्या दाताखाली येणार की नाही, हे त्या बोटांवर असतं. बाकीच्या भाषांचं मला माहीत नाही, पण आपल्या भाषेत एकाच शब्दात हे दोन्ही बसलंय.

मला आजचं उत्तर या दुसऱ्या निवडण्यात दिसतं. पण उत्तर इतकं गोड वाटायला लागलं की सांख्यिकीच्या माणसाने जरा सावध व्हावं. म्हणून आधी आकडे.

सकाळी मोबाइलवर ज्यांना सुविचार येतात त्यांनी हे वर्तुळ पाहिलं असेल. त्याचे तीन तुकडे असतात. ५० टक्के जन्मजात स्वभाव, १० टक्के परिस्थिती आणि ४० टक्के तुमच्या हातात. खाली उगवता सूर्य. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड या तीन संशोधकांनी ते २००५मध्ये एका शोधनिबंधात मांडले. निबंधातून सुविचारात येताना मात्र वाटेत त्यांचा अर्थच बदलला.

ते टक्के माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. एकट्या माणसाच्या सुखाचे ते तुकडे नव्हेत. हे जरा अवघड आहे, म्हणून पोह्यांवर येऊ. समजा, उद्या सकाळी तुम्ही इंदुरातल्या शंभर गाड्यांवर पोहे खाल्लेत आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेत. एका गाडीला नऊ आणि दुसरीला पाच का, असं मी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? जिरावणाचा मसाला, शेव, वाफ, बडीशेप घातली की नाही. पोहे सगळीकडे जवळपास सारखेच. तेव्हा गुणांच्या फरकात पोह्यांचा वाटा निघेल शून्याच्या आसपास. आता यावरून एखादा म्हणाला की पोह्यांच्या बशीत पोह्यांचं महत्त्व शून्य टक्के, तर त्याला काय म्हणाल? बशीतले पोहे काढून घ्या आणि जिरावण चाटत बसा म्हणाल.

परिस्थितीचे १० टक्के असेच आलेत. ज्या पाहण्यांवरून हा अंदाज काढला त्या बहुतेक सुखवस्तू देशांतल्या. तिथे बहुतेकांच्या बशीत पोहे होतेच. आणि ४० कुठून आले? शंभरातून ५० आणि १० वजा करून. आयुष्यभर मी मुलांना एकच गोष्ट घोकून सांगितली: वजाबाकीत जे उरतं त्याला नाव द्यायची घाई करू नका, त्यात आपल्याला अजून न कळलेलं सगळं असतं. पुढे शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की या दोघांनी स्वतःच मान्य केलं की ४० हा आकडा बहुधा जास्त धरला गेला. हा त्यांचा मोठेपणा. सुविचार पाठवणाऱ्यांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

याच्या उलट टोकाला डेव्हिड लिकन. अमेरिकेत मिनेसोटाला त्यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. १९९६मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहून टाकलं की जास्त सुखी व्हायला बघणं म्हणजे जास्त उंच व्हायला बघण्यासारखं आहे. म्हणजे सगळंच जन्मजात. ते वाक्य जगभर गाजलं आणि मग खुद्द लिकननीच ते मागे घेतलं. स्वभावाचा वाटा मोठा असतो, हे तर प्रत्येक घरात दिसतं. एकाच आईच्या दोन मुलींपैकी एक पावसात भिजून हसत येते, दुसरी छत्री असून चिडचिडत येते. पण वाटा मोठा असणं वेगळं आणि सगळंच ठरून गेलेलं असणं वेगळं.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण तो चुकीचा सांगितला जातो आणि माझ्यासारख्या लोकांनीही वर्गात तो चुकीचा सांगितलाय. लॉटरी जिंकलेला माणूस आणि अपघातात अपंग झालेला माणूस वर्षभरात सारखेच सुखी होतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मूळ अभ्यास १९७८चा, ब्रिकमन आणि दोन सहकाऱ्यांचा. लॉटरी जिंकलेले २२ जण, अपघातात लुळे पडलेले २९ जण आणि तुलनेला त्याच भागातले साधे २२ जण. शून्य ते पाच या मापावर लॉटरीवाले निघाले ४, साधे लोक ३.८२. म्हणजे लॉटरीने फार काही बदललं नाही, हे खरं. पण अपघातवाले होते २.९६. हा फरक चांगला मोठा आहे. इतर लोक समजतात तितके ते खचलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. "सारखेच" हा शब्द त्या निबंधात नाही. तो मागाहून आपण घातला, कारण आपल्याला तो हवा होता. समोरच्याचं दुःख आपोआप वर्षभरात फिटतं असं एकदा ठरलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

जर्मनीतल्या अभ्यासाने मला काका आठवले. तिथे २४ हजारांहून जास्त लोकांना पंधरा वर्षं दरवर्षी विचारत गेले, तुम्ही आयुष्याबद्दल किती समाधानी आहात. लग्न झालं की आकडा वर जातो आणि काही वर्षांत बहुतेकांचा खाली येतो. यावर हसू नका, मीही पंचेचाळीस वर्षांची संसारी आहे. नोकरी गेली की आकडा खाली जातो. इथवर कोणाला नवल वाटणार नाही. पण नवी नोकरी लागल्यावरही तो पूर्वीच्या जागी पूर्ण परत येत नाही. काहीतरी कायमचं खरवडलं जातं. रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४मध्ये छापलं.

जर्मनीत बेकारभत्ता असतो. इथे काय होतं? आपल्या शहराची नोंद सगळ्यांसमोर आहे. हुकुमचंद मिल १९९२मध्ये बंद पडली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला डिसेंबर २०२३मध्ये. ३१ वर्षं. बंद झाली तेव्हा जो चाळीस वर्षांचा होता तो एकाहत्तरचा झाला, आणि जो पन्नाशीचा होता त्याच्या वतीने बऱ्याचदा मुलगाच रांगेत उभा होता. या माणसांपैकी कोणाला सुख निवडा म्हणून सांगायला मी जाणार नाही. माझं एकदा सांगून झालंय.

काकांनाही एकाने सांगितलं होतं. गल्लीत सत्संग होता. बाहेरून आलेले एक गृहस्थ काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मन प्रसन्न ठेवा, बाकी आपोआप होतं." काका म्हणाले, "मन प्रसन्नच आहे हो, किराणावाला प्रसन्न नाही."

आता मजा अशी, की हेच काका कधीकधी स्वतःशी तेच म्हणायचे. सायकल पुसताना, "चला, आजचा दिवस तर आपला आहे." ते खोटं नसायचं. त्या वाक्याने त्यांना सायकलवर बसायचं बळ यायचं. मग सत्संगवाल्याच्या तोंडी तेच वाक्य का टोचलं? माझी धाकटी जाऊ शाळेत मराठी शिकवायची. ती म्हणाली, वहिनी, हा पुरुषाचा प्रश्न आहे. मला वाटलं हिचं काहीतरी भलतंच. तर ती म्हणे, पुरुष म्हणजे व्याकरणातला. "मी सुखी राहायचं ठरवलंय" हा प्रथमपुरुष. "तू सुखी राहायचं ठरव" हा द्वितीयपुरुष. आणि "ते लोक सुखी राहायचं ठरवतच नाहीत" हा तृतीयपुरुष. क्रियापद तेच. पहिल्यात औषध आहे, दुसऱ्यात सल्ला, आणि तिसऱ्यात बोलणाऱ्याने आपली जबाबदारी झटकलेली असते. माझं १९९३चं वाक्य दुसऱ्या पुरुषातलं होतं, पण खरं सांगायचं तर ते तिसऱ्याकडे झुकलेलं होतं.

सरकारांनाही हा दुसरा पुरुष आवडतो. आपल्या मध्य प्रदेशाने २०१६मध्ये आनंद विभाग काढला, देशात पहिलाच. बातमी वाचून आधी मी हसले. मग वाटलं, हसण्यासारखं नाही. लोकांचं सुख हे सरकारच्या कामात धरायला हवं, हे कोणीतरी कागदावर तर आणलं. पण मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की आनंदाचा विभाग वेगळा आणि थकबाकीचा वेगळा असला की दोघांनाही काम कमी पडतं.

फिनलंडचं कोणीतरी विचारणार, म्हणून उरकून घेते. जागतिक यादीत २०१८पासून ते पहिले आहेत. पण त्या पाहणीत "तुम्ही आनंदी आहात का" असं विचारतच नाहीत. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पा, सगळ्यात वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तुम्ही कितव्या पायरीवर, असं विचारतात. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त हसतात असा त्याचा अर्थ नाही. आजारी पडलो तर काय, म्हातारपणी काय, ही धाकधूक कमी, म्हणून ते शिडीवर वर उभे. सूप चांगल्या दुकानातून भरून आलेलं आहे.

बरं, मग बोटांनी काही होतच नाही का? होतं. पण तिथेही एक गंमत आहे.

२००३मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी लोकांना स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराचं संगीत ऐकवलं. काहींना म्हणाले, नुसतं ऐका. काहींना म्हणाले, ऐकता ऐकता जास्तीत जास्त आनंदी व्हायचा प्रयत्न करा. प्रयत्न करणाऱ्यांचं मन उलट उतरलं. पुढे २०११मध्ये आयरिस मॉस यांनी काही बायकांना आधी सुख किती महत्त्वाचं आहे यावरचा लेख वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. ज्यांनी तो लेख वाचला नव्हता त्यांना चित्रफीत जास्त आवडली. वाचणाऱ्या बहुधा मनात तपासत बसल्या, झाला का मला पुरेसा आनंद? आपल्याकडे कुठल्याही सुगरणीला हे माहीत आहे. विरजण लावलं की भांडं सारखं हलवून बघू नये, दही लागत नाही.

म्हणून "आज मी सुखी व्हायचं निवडते" हा संकल्प मला पटत नाही. खडे काढायचे असतात. झोप नीट घ्यायची, त्या बहिणीशी धरलेला अबोला सोडायचा, रात्री अकरानंतर बातम्या बघायच्या नाहीत. सुख झालं तर त्याच्या मागून होतं.

इथे एक गोष्ट मात्र ठासून सांगते. काही माणसांची बोटंच चालत नाहीत. माझ्या नात्यातल्या एका मुलीला नैराश्याचा आजार झाला. उठून दात घासायला तिला अकरा वाजायचे. आम्ही सगळ्या शहाण्या बायका तिला सांगत होतो, बाहेर जा, गाणी ऐक, चांगला विचार कर. ती नंतर म्हणाली, "मावशी, तुम्ही मला पाय मोडलेल्या माणसाला चाल म्हणावं तसं म्हणत होतात, आणि मला वाटायचं की मी चालत नाही हाही माझाच आळस." डॉक्टर, औषधं आणि वर्ष-सव्वा वर्ष लागलं. सरकारची टेली मानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, हिंदीत बोलतात, मराठीतही. लिहून घ्या. ज्यांना गरज नाही त्यांनी आधी लिहा, कारण ज्यांना गरज असते त्यांना पेन उचलायला जड जातं.

आता आपल्या शहराकडे येते. इंदूरच्या माणसाला एक निवडणं सगळ्या देशाने शिकावं इतकं चांगलं जमतं, ते म्हणजे कचऱ्याचं. ओला वेगळा, सुका वेगळा. २०१७पासून आपण स्वच्छतेत पहिले येतोय आणि आपण अगदी छाती फुगवून सांगतो, भिया, आपलं शहर आहे. पण आठवून बघा, त्याच्या आधी आपण कचरा वेगळा का करत नव्हतो? आपण आळशी होतो म्हणून? गाडी येत नव्हती म्हणून. रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली, तेव्हा ज्या बायकांना वर्षानुवर्षं बेशिस्त म्हटलं गेलं त्याच बायका तीन-तीन बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. आमच्या घरी तर सून बाहेरगावी गेली तरी फोनवर विचारते, आई, सुका दिला ना?

आणखी एक संशोधन आहे, त्याने इंदूरकरांना हसूच येईल. शिकागोमध्ये २०१४च्या सुमारास लोकल गाड्यांतल्या प्रवाशांना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. दुसऱ्या काही प्रवाशांना नुसता अंदाज विचारला, ते म्हणाले, नको, प्रवास खराब होईल. जे खरंच बोलले ते म्हणाले, प्रवास छान झाला. यासाठी विद्यापीठाला खर्च करावा लागला! पोह्यांच्या गाडीवर सकाळी सात वाजता नुसतं उभं राहा, शेजारचा तुमचं आडनाव, गोत्र आणि मुलाचा पगार विचारून मोकळा होतो. कधी वैताग येतो. पण नवरा गेल्यावर एक बाई मला म्हणाली होती, महिनाभर घरात कोणी माझ्याशी नॉर्मल बोललं नाही, पहिल्यांदा नीट बोलला तो पोहेवाला. म्हणाला, "क्या आंटी, बहुत दिन में आईं, शेव जास्ती?"

इंदुरात अहिल्यादेवींचं नाव न घेता भाषण संपवलं तर चहा मिळत नाही, तेव्हा घेते. पण जरा वेगळ्या ठिकाणचं. १७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले आणि अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी अडवलं. आपण त्यांच्या पुढच्या कर्तृत्वाबद्दल बोलतो, त्यांनी दुःखावर मात केली म्हणतो. केलीच. पण जगायचा पर्याय सासऱ्याने त्यांच्यापुढे ठेवला, म्हणून पुढचं सगळं. ज्यांच्या सासऱ्यांनी अडवलं नाही त्या बायकांच्या खंबीरपणाबद्दल आपण काहीच सांगू शकत नाही. त्यांच्यापर्यंत निवड पोचलीच नाही.

काकांचं अजून थोडं आहे. पुढे त्यांना एका बँकेच्या एटीएमवर रखवालदारीचं काम मिळालं. पण दरवर्षी गणपती जवळ आले की काका रात्र रात्र घरी नसायचे. अनंत चतुर्दशीला आपल्याकडे मिलींच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, परंपरा शंभर वर्षांच्या घरात गेलेली. मिली बंद पडल्या, साचे भंगारात गेले, पण झांक्या थांबल्या नाहीत. त्याच माणसांनी वर्गण्या काढून, मिळेल त्या मदतीवर त्या चालू ठेवल्या. काकांकडे वायरिंग असायचं. एकदा त्यांनी सायकलच्या चाकावर आणि जुन्या पंख्याच्या मोटरवर असा कृष्ण केला होता की त्याचा हात वर जायचा आणि बासरी ओठाला लागायची. ते दाखवायला त्यांनी मला भर पावसात शेडपर्यंत नेलं. एक पैसा मिळायचा नाही. त्या पंधरा दिवसांत काका दहा वर्षांनी लहान दिसायचे. तुमच्या कार्यवाहांना हवी आहे ती निवड म्हणाल तर ही होती, पुरेपूर. पण ती एकट्याने घरात बसून झाली नसती. शेड लागली, वीसेक माणसं लागली, आणि रात्रभर रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणारं अख्खं शहर लागलं. रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, एकट्याने निघते का कधी?

आणि हेही सांगायला हवं की काका बासरी वाजवणारा कृष्ण करत होते तेव्हा काकू साड्यांना फॉल-पिको करत होत्या. एका साडीचे सुरुवातीला पाच रुपये. घर त्यावर चाललं. काकांच्या आनंदात काकूंच्या मशिनचा आवाज होता आणि त्याबद्दल त्यांना कोणी, मी धरून, काही विचारलं नाही. काका गेले. काकू आहेत.

इथेच थांबते. चहा येईपर्यंत प्रश्न विचारा.

(एका श्रोत्याने विचारलं: ताई, तुम्ही स्वतः सुखी आहात का?)

शिडीवाल्यांनी आत्ता विचारलं तर सात म्हणेन. सकाळी गुडघा आखडला होता, तेव्हा पाच म्हणाले असते. एवढे लोक ऐकायला आलेत म्हणून एक पायरी तुम्ही वाढवलीत. त्यात माझं काहीच नाही.

(मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं: त्या काकू तुमच्यावर रागावल्या नाहीत?)

तीस वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही. मीच परवा काढला. नव्या सोसायटीत नातवाकडे राहतात, ८४ वर्षांच्या आहेत. गेले तेव्हा ताटात तांदूळ पसरून बसल्या होत्या. पाकिटातले, बासमती. मी म्हटलं, काकू, तेव्हा मी जे बोलले ते फार चुकलं. त्या म्हणाल्या, "काय बोललीस?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग मी म्हटलं, या तांदळात खडे नसतात आता, कशाला निवडता? तर मला म्हणाल्या, "माहीत आहे गं. पण तू आलीस ना. बोलत बसायला हाताला काहीतरी हवं." आणि ताट अर्धं माझ्याकडे सरकवलं.